ॲनेस्थेशिया टेक्नॉलॉजिस्ट व्हायचं असेल तर: बारावीपासून ओटीपर्यंत

पहिली केस सकाळी नऊची असेल, तर ॲनेस्थेशिया टेक्नॉलॉजिस्टचा दिवस साडेसातलाच सुरू होतो. रुग्ण टेबलावर येण्याआधी मशीन तपासून झालेलं असतं, सक्शन (तोंडा-घशातला स्राव ओढून घेणारी नळी) चालू असतं, ट्रे लागलेला असतो. भूल देतात भूलतज्ज्ञ डॉक्टर. पण ज्या यंत्रावर, ज्या नळीवर आणि ज्या सिलिंडरवर रुग्णाचा श्वास अवलंबून राहणार आहे, ते सगळं आधी या माणसाच्या हाताखालून जातं. एमबीबीएसला नंबर लागला नाही म्हणून ‘आता काहीतरी पॅरामेडिकल बघू’ असं म्हणत बरीच मुलं इकडे वळतात. माझं मत असं, की या कामाकडे ठरवून यावं. म्हणून हा लेख बारावीच्या मुलामुलींसाठी आहे आणि त्यांच्या आईवडिलांसाठीही.

आधी काम समजून घ्या

ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, चार-पाच प्रकारची माणसं एकाच रंगाच्या कपड्यांत फिरत असतात, त्यामुळे बाहेरच्याला कोण काय करतं ते कळत नाही. ओटी टेक्निशियन प्रामुख्याने शस्त्रक्रियेच्या बाजूचं बघतो: टेबल, दिवे, कॉटरी (रक्तस्राव थांबवणारं विजेचं यंत्र), उपकरणं, निर्जंतुकीकरण. ॲनेस्थेशिया टेक्नॉलॉजिस्ट उभा असतो रुग्णाच्या डोक्याशी, भूलतज्ज्ञांच्या शेजारी. भूल देण्याचं मशीन, व्हेंटिलेटर, मॉनिटर, श्वासनलिकेत घालायच्या ट्यूब, औषधांची ट्रॉली, रक्त आणि सलाईन गरम करायची साधनं, अवघड श्वासमार्गासाठीची वेगळी कार्ट ही सगळी त्याची जबाबदारी. लहान हॉस्पिटलांत दोन्ही कामं एकाच माणसाकडे असतात, आणि बऱ्याच ठिकाणी पदवीचं नावच ‘ॲनेस्थेशिया अँड ऑपरेशन थिएटर टेक्नॉलॉजी’ असतं.

भूलतज्ज्ञाला ऐन वेळी तिसरा आणि चौथा हात लागतो. ट्यूब घालताना त्यांची नजर घशातल्या स्वरतंतूंवर असते, ती त्यांना हलवता येत नाही. अशा वेळी ट्यूब योग्य बाजूने, योग्य कोनात त्यांच्या हातात पडली पाहिजे. ते ‘बुजी’ (ट्यूबला वाट दाखवणारी लवचीक कांडी) म्हणेपर्यंत बुजीचं पाकीट फोडलेलं असलं पाहिजे.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट असू द्या. भारतात टेक्नॉलॉजिस्ट स्वतंत्रपणे भूल देऊ शकत नाही. अमेरिकेत नर्स ॲनेस्थेटिस्ट असतात, त्यांच्याशी गल्लत करू नका. ते शिक्षण वेगळं आणि अधिकारही वेगळे. एखाद्या ठिकाणी ‘डॉक्टर दुसऱ्या ओटीत आहेत, तू तेवढं सुरू कर’ असं सांगितलं गेलं, तर नम्रपणे पण ठाम नकार द्यायचा.

बारावी आणि प्रवेश

बारावी विज्ञान शाखेतून, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी घेऊन केलेली असावी. गणित असलं तर चालतं, पण जीवशास्त्र सोडू नका. भौतिकशास्त्राकडे मुलं दुर्लक्ष करतात, आणि इथे तेच सगळ्यात जास्त कामाला येतं. वायूंचे नियम, दाब, बाष्पीभवन हे भूलशास्त्राच्या यंत्रांचं व्याकरण आहे.

महाराष्ट्रात नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी, म्हणजे बॅचलर ऑफ पॅरामेडिकल टेक्नॉलॉजी, हा पदवी अभ्यासक्रम आहे. ॲनेस्थेशिया टेक्निशियन आणि ऑपरेशन थिएटर टेक्निशियन या त्यातल्या दोन स्वतंत्र शाखा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत हा अभ्यासक्रम चालतो आणि फी खाजगीच्या मानाने फारच कमी असते. प्रत्येक कॉलेजात प्रत्येक शाखा असतेच असं नाही, आणि शाखेगणिक जागा मोजक्या असतात. म्हणून बारावीचा निकाल लागायच्या आधीपासून आपल्या विभागातल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या सूचना बघत राहा. नीटच्या गर्दीत या प्रवेशाची जाहिरात सहज नजरेआड होते.

राज्याबाहेर जायची तयारी असेल तर चांगले पर्याय आहेत. दिल्लीचं एम्स आणि इतर काही एम्स संस्था पॅरामेडिकल पदव्यांसाठी स्वतःची प्रवेश परीक्षा घेतात. पुदुच्चेरीचं जिपमर नीटच्या गुणांवर प्रवेश देत आलं आहे. बंगळूरचं निमहान्स आणि वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज यांचेही भूलशास्त्र तंत्रज्ञानाचे अभ्यासक्रम आहेत. कर्नाटकात राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत ही पदवी मिळते; सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडच्या मुलांना बेळगाव-हुबळी पुण्याइतकंच जवळ पडतं.

पदवी की डिप्लोमा? घरची परिस्थिती अगदीच ओढाताणीची नसेल तर पदवीच घ्या. त्याचं कारण कायद्यात आहे. २०२१ मध्ये केंद्राने नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायदा केला. त्याच्या अनुसूचीत ॲनेस्थेशिया असिस्टंट आणि टेक्नॉलॉजिस्ट यांचा उल्लेख आहे. या कायद्यानुसार अलाइड हेल्थ प्रोफेशनल म्हणवून घ्यायला किमान २,००० तासांचं, दोन ते चार वर्षांत विभागलेलं शिक्षण लागतं. हेल्थकेअर प्रोफेशनलसाठी किमान ३,६०० तास, तीन ते सहा वर्षांत. २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ज्या अभ्यासक्रमांचे देशभरासाठी एकसारखे आराखडे जाहीर केले, त्यांत ॲनेस्थेशिया अँड ऑपरेशन थिएटर टेक्नॉलॉजी आहे. पुढची भरती, नोंदणी, बढती हळूहळू याच चौकटीत येत जाणार.

आता याच मापाने गावोगावच्या फ्लेक्सवरचे ‘सहा महिन्यांत ओटी टेक्निशियन, शंभर टक्के नोकरी’ हे कोर्स मोजून बघा. ते दोन हजार तासांच्या जवळपासही जात नाहीत. पत्रव्यवहाराने किंवा ऑनलाइन मिळणारी पदवी तर मुळीच घेऊ नका. या कायद्याखाली येणारे आरोग्यविषयक अभ्यासक्रम दूरशिक्षणाने चालवायला विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये मनाई केली आहे.

कॉलेज पारखताना ओटी बघा

पालक इमारत बघतात, वसतिगृह बघतात, फी विचारतात. ते बघाच, पण खरा प्रश्न एकच: मुलाला शिकायला केसेस कुठे मिळणार? कॉलेजला स्वतःचं हॉस्पिटल आहे का, की तासाभराच्या अंतरावरच्या कुठल्या नर्सिंग होमशी नुसता करार आहे? दिवसाला किती टेबलं चालतात? सिझेरियन, हाडांच्या शस्त्रक्रिया, लहान मुलांच्या शस्त्रक्रिया, मेंदू आणि हृदयाच्या शस्त्रक्रिया, यांतलं काय काय होतं? भूलशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे का आणि तिथे एमडी करणारे निवासी डॉक्टर आहेत का? निवासी डॉक्टर असले की तिथे रोज काहीतरी शिकवलं जातं, आणि शेजारी उभ्या असलेल्या टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्याच्या कानावरही ते पडतं.

प्रवेश घेण्याआधी दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला कॅन्टीनमध्ये गाठा. त्याला एवढंच विचारा, की मशीनची सकाळची तपासणी तू स्वतः करतोस का, की लांबून बघतोस. त्याचं उत्तर माहितीपुस्तिकेतल्या रंगीत फोटोंपेक्षा जास्त सांगून जाईल. संलग्नता कुठल्या विद्यापीठाची आहे, ते त्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर जाऊन स्वतः तपासा. कॉलेजच्या ऑफिसात दाखवलेल्या कागदावर विसंबू नका.

शिकण्याची वर्षं: सकाळच्या तपासणीत सगळं येतं

पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र असतं. नंतर औषधं, उपकरणं, वेगवेगळ्या शस्त्रक्रियांसाठीची भूल. पुस्तकांबद्दल तुमचे शिक्षक सांगतीलच. मी इथे मशीनच्या तपासणीवर रेंगाळणार आहे, कारण ती नीट आली की अर्धा अभ्यासक्रम आपोआप समजतो.

पहिली गोष्ट मशीनची नसतेच. मशीनमागे अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) आणि वेगळा ऑक्सिजन सिलिंडर आहे का, ते आधी बघायचं. वीज गेली, मशीन बंद पडलं, पाइपलाइन तुटली, तरी अंबू बॅगने रुग्णाला श्वास देता येतो.

मग पाइपलाइन काढून मशीनवरचा राखीव ऑक्सिजन सिलिंडर उघडायचा. भारतात ऑक्सिजनचा सिलिंडर काळा आणि खांद्याला पांढरा, नायट्रस ऑक्साइड या भुलीच्या वायूचा निळा. भरलेल्या ऑक्सिजन सिलिंडरचा गेज साधारण २,००० पीएसआय (दाबाचं एकक) दाखवतो, आणि वायू वापरला जाईल तसतसा आकडा उतरत जातो, म्हणून गेज बघून किती उरलंय ते सांगता येतं. नायट्रसचं तसं नाही. तो सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो. द्रवाचा शेवटचा थेंब उडेपर्यंत गेज ७४५ पीएसआयच्या आसपासच राहतो, आणि मग एकदम कोसळतो. त्यामुळे नायट्रस किती शिल्लक आहे ते वजन करूनच कळतं. हा प्रश्न तोंडी परीक्षेत हमखास येतो, आणि ओटीतही.

सिलिंडर चुकीच्या जागी बसू नये म्हणून पिन इंडेक्स, म्हणजे प्रत्येक वायूसाठी ठरावीक जागी बसवलेल्या पिना, असतो: ऑक्सिजनला २ आणि ५, नायट्रसला ३ आणि ५. हे आकडे पाठ करा, पण पिना वाकलेल्या किंवा मोडलेल्या नाहीत ना, हेही बोटाने चाचपून बघा. वॉशर दोन-दोन बसवलेले असले तरी ही सुरक्षा निकामी होते.

पाइपलाइन परत जोडली की दाब चार बारच्या आसपास हवा. ऑक्सिजन मुद्दाम तोडून बघायचा: अलार्म वाजला पाहिजे आणि नायट्रस आपोआप बंद झाला पाहिजे. व्हेपोरायझरमध्ये, म्हणजे भुलीच्या द्रव औषधाची वाफ करणाऱ्या उपकरणात, औषध किती आहे, झाकण घट्ट आहे का, नॉब शून्यावर आहे का, ते बघायचं. औषधागणिक त्याचा रंग ठरलेला: सेव्होफ्लुरेन पिवळा, आयसोफ्लुरेन जांभळा, डेसफ्लुरेन निळा. डेसफ्लुरेन २३ अंश सेल्सिअसच्या जवळपासच उकळतं, म्हणून त्याच्या व्हेपोरायझरला विजेची वायर असते आणि तो गरम व्हायला वेळ द्यावा लागतो.

सर्किटची (मशीनपासून रुग्णापर्यंतच्या नळ्यांची) गळती तपासताना झडप बंद करून, रुग्णाकडचं टोक अंगठ्याने दाबून दाब ३० सेंटिमीटर पाण्याइतका आणायचा आणि दहा सेकंद थांबायचं. काटा खाली सरकला तर कुठेतरी गळतंय. बहुतेकदा दोष सोडालाइमच्या (कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या दाण्यांच्या) डब्यात सापडतो: कडेला दाणा अडकलेला असतो आणि झाकण नीट बसलेलं नसतं. सोडालाइमचा रंग बदलला की ते बदलायचं, पण कुठला रंग कशात बदलतो हे कंपनीनुसार वेगळं असतं. गुलाबीचं पांढरं होणारंही असतं आणि पांढऱ्याचं जांभळं होणारंही. आपल्या हॉस्पिटलात कुठलं येतं ते डब्यावर वाचा. वापरून झालेलं सोडालाइम रात्रभर पडून राहिलं की त्याचा रंग बऱ्यापैकी पूर्ववत दिसू लागतो, म्हणून सकाळच्या रंगावर विश्वास ठेवू नका. शेवटची केस संपताना तो कसा होता, ते लिहून ठेवायची सवय लावा.

शेवटी सक्शन, आणि तेच सगळ्यात जास्त विसरलं जातं. नळी चिमटीत दाबून दाब येतो का बघायचं आणि टोक रुग्णाच्या उशीजवळ ठेवायचं, हात लांब न करता मिळेल असं. कॅप्नोग्राफ (श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र) तपासायला स्वतः नळीत फुंकर मारा आणि आलेख उमटतो का बघा. मॉनिटरच्या अलार्मचा आवाज आदल्या रात्री कुणीतरी बंद केलेला असू शकतो.

ट्रे लावताना लॅरिंगोस्कोपचे (घशात बघायच्या दिव्याच्या उपकरणाचे) दोन हँडल, कारण एकाची बॅटरी नेमकी त्या क्षणी जाते. ट्यूब तीन आकारांच्या: लागेल ती, एक लहान, एक मोठी. मोठ्या माणसांत स्त्रियांना साधारण ७ ते ७.५ मिलिमीटर, पुरुषांना ८ ते ८.५, लहान मुलांना वयाला चारने भागून त्यात चार मिळवायचे. गरोदर बाईला पूर्ण भूल द्यायची असेल तर श्वासमार्ग सुजलेला असतो, तेव्हा ६.५ आणि ७ हाताशी ठेवा, आणि टेबलावर तिच्या उजव्या कुशीखाली उशी.

क्रिकॉइड दाब द्यायला तुम्हालाच सांगितलं जाईल. डॉ. ब्रायन सेलिक यांनी १९६१ मध्ये मांडलेली ही पद्धत: पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ नये म्हणून गळ्याजवळच्या क्रिकॉइड कूर्चेवर दाब द्यायचा. रुग्ण बेशुद्ध झाल्यावर हा दाब सुमारे ३० न्यूटन असावा, म्हणजे तीन किलोच्या वजनाएवढा. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर अंगठा आणि तर्जनीने तीन किलो दाबून बघा. हाताला तो अंदाज दोन-तीन दिवसांत बसतो. डॉक्टर सांगेपर्यंत हात काढायचा नाही.

औषधं आणि सचोटी

सिरिंज भरली की त्याच क्षणी लेबल. लेबलांचे रंगही ठरलेले आहेत: स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांना लाल, अफूजन्य वेदनाशामकांना निळा, बेशुद्ध करणाऱ्यांना पिवळा, रक्तदाब वाढवणाऱ्यांना जांभळा. लेबल नसलेली सिरिंज कुणाचीही असो, टाकून द्यायची. प्रोपोफॉल तेलकट पांढरं असतं आणि त्यात जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून सिरिंजमध्ये भरलेलं सहा तासांत वापरायचं. सक्सामेथोनियम हे स्नायू शिथिल करणारं औषध फ्रिजमध्ये राहतं. सकाळी बाहेर काढलेलं अँप्यूल संध्याकाळी परत फ्रिजमध्ये ठेवून पुढच्या माणसाला फसवू नका.

फेंटानिल, मॉर्फिन यांची नोंदवही असते. किती काढलं, किती दिलं, किती टाकलं, रिकामं अँप्यूल परत, आणि दोन सह्या. कुणी घाईत ‘सही नंतर कर’ म्हणालं तरी ऐकू नका. भूलशास्त्रात काम करणाऱ्यांना या औषधांचं व्यसन लागण्याचा धोका जगभर ओळखला गेला आहे. दोन सह्यांमुळे रुग्णाइतकंच तुमचंही रक्षण होतं. सोबत काम करणाऱ्या कुणाचं वागणं बदललंय असं दिसलं तर विभागप्रमुखांना सांगा. ती चहाडी नव्हे, त्याने त्या माणसाचा जीव वाचू शकतो.

स्वतःच्या शरीरासाठी हिपॅटायटिस बीच्या लशीचे तिन्ही डोस पहिल्याच वर्षी पूर्ण करा. शून्य, एक आणि सहा महिने. सुई टोचली तर लपवू नका. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं जितकी लवकर तितकी चांगली, ७२ तासांनंतर उपयोग नाही.

इंटर्नशिप, नोंदणी, पहिली नोकरी

इंटर्नशिपमध्ये रात्रपाळी मागून घ्या. दिवसा ठरलेल्या केसेस असतात, रात्री अपघात येतो, अडलेली बाळंतीण येते. पूर्ण भूल, स्पायनल, लहान मुलं, आयसीयूतून ओटीत आणलेला व्हेंटिलेटरवरचा रुग्ण, एमआरआयच्या खोलीतली भूल, या प्रत्येकात आपण काय केलं याची स्वतःची वही ठेवा आणि महिन्याअखेर विभागातल्या वरिष्ठांची सही घ्या. ही वही मुलाखतीत प्रमाणपत्रापेक्षा जास्त उपयोगी पडते.

पदवी हातात आली की नोंदणी. राज्यात महाराष्ट्र परावैद्यक परिषद आहे. शिवाय २०२१ च्या कायद्यानुसार राज्य परिषदांची नवी रचना येते आहे. अर्ज करायच्या वेळी कुठे आणि कशी नोंदणी चालू आहे ते कॉलेजच्या कार्यालयात आणि परिषदेच्या संकेतस्थळावर बघून लगेच उरकून टाका.

पहिल्या नोकरीचा पगार खाजगीत मनासारखा नसतो, हे आधीच सांगतो. दोन-तीन वर्षं मोठ्या, मिश्र केसेस असलेल्या हॉस्पिटलात काढली की बोलणी करायला ताकद येते. पुणे-मुंबईत पगार जास्त दिसतो, पण खोलीभाडं वजा करून हिशेब करा. सरकारी नोकरीत एम्ससारख्या संस्थांत तंत्रज्ञांची पदं सातव्या वेतन आयोगाच्या स्तर ६ वर, ३५,४०० रुपये मूळ वेतनापासून निघतात. तिथे बहुधा अनुभवही मागतात. राज्याचं वैद्यकीय शिक्षण खातं, महानगरपालिकांची रुग्णालयं, रेल्वे यांच्या जाहिरातींत पदाचं नाव प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. म्हणून नाव वाचून सोडून देऊ नका, पात्रतेचा रकाना वाचा.

पुढे एमएस्सी करता येतं, शिकवता येतं, हृदयशस्त्रक्रियेतल्या हार्ट-लंग मशीनवर काम करणारा पर्फ्युजनिस्ट होता येतं; त्यासाठी वेगळा अभ्यासक्रम आहे. भूलयंत्रं बनवणाऱ्या कंपन्या हॉस्पिटलांत प्रशिक्षण द्यायला अशीच माणसं घेतात.

परदेशात जायचं असेल तर

आखाती देशांत साधारण दोन वर्षांचा अनुभव, डेटाफ्लो या कंपनीमार्फत कागदपत्रांची पडताळणी आणि प्रोमेट्रिक या कंपनीच्या केंद्रावरची परीक्षा असा रस्ता आहे. ब्रिटनमध्ये जवळचं पद म्हणजे ऑपरेटिंग डिपार्टमेंट प्रॅक्टिशनर. हे नाव कायद्याने संरक्षित असून त्यासाठी एचसीपीसी या तिथल्या नियामक परिषदेकडे नोंदणी लागते. न्यूझीलंडमध्ये ॲनेस्थेटिक टेक्निशियनची नोंदणी मेडिकल सायन्सेस कौन्सिल करते. अमेरिकेत टेक्नॉलॉजिस्टचं प्रमाणपत्र तिथल्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाशी जोडलेलं आहे, त्यामुळे भारतातली पदवी घेऊन थेट परीक्षेला बसता येईल असं कुणी एजंट सांगत असेल तर पैसे देऊ नका.

तयारी मात्र पहिल्या वर्षापासून करता येते. बहुतेक परदेशी परिषदा विषयवार आणि प्रात्यक्षिकाचे तास दाखवणारा अभ्यासक्रम मागतात, तो विद्यापीठाच्या शिक्क्यासह पदवी घेतानाच मागून ठेवा. पाच-सात वर्षांनी तो मिळवायला नाशिकला चकरा माराव्या लागतात. नोकरी सोडताना अनुभवपत्र हॉस्पिटलच्या लेटरहेडवर, पदाचं नाव आणि रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख घालून घ्या. आणि दहावीच्या प्रमाणपत्रावरचं, पदवीवरचं आणि पासपोर्टवरचं तुमचं नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे का, ते आजच बघून ठेवा.